आज ढोलकीवर कोण आहे?

बेंजो पार्टीत गाणारा नसतो. हल्ली काही पार्ट्या हळदीला एखादा गायक बरोबर आणतात, पण तो पाहुणा. त्याचं मानधन वेगळं, माइक वेगळा, आणि ऐन वेळी त्याचा घसा बसला तरी कुणाचं काही अडत नाही. शब्द नाचणाऱ्यांच्या तोंडात असतातच. वाजवणाऱ्यांनी चाल धरायची आणि ठेका सोडायचा नाही, एवढंच. त्यामुळे पार्टीची ओळख आवाजावरून होत नाही की चेहऱ्यावरून होत नाही, ती आठ-दहा जणांच्या हातांवरून होते. त्यातली एक जोडी बदलली की पार्टी बदलते. बॅनरवर नाव तेच, टी-शर्ट तेच, सुपारीसाठी फोन नंबरही तोच. पण मांडवाच्या मागच्या बाजूला उभं राहून ऐकणाऱ्याला दुसऱ्याच गाण्याला शंका येते. मग तो गर्दीतून वाट काढत पुढे जातो आणि विचारतो, ‘आज ढोलकीवर कोण आहे?’

हे पुस्तक असा प्रश्न विचारणाऱ्यांचं आहे. पेण तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ आणि डोलवी मागे टाकलं की आमचं गडब लागतं. इथे राहून मी एका पार्टीच्या मागे वर्षानुवर्षं फिरलो. वाजवायला नाही, ऐकायला. कोणत्या हंगामात कोण कशावर बसला, कोण सोडून गेला, त्याच्या जागी आलेल्याने काय नवं आणलं आणि काय घालवलं, हे लिहून ठेवायची मला खोड होती. घरच्यांनी या वह्यांना दूधवाल्याचा हिशेब समजून एकदा रद्दीत काढलं होतं. तिथून त्या परत आणल्या. पुढची प्रकरणं त्या वह्यांमधून आली आहेत. त्यांना इतिहास म्हणण्याची माझी हिंमत नाही. हजेरीपट म्हणा, आणि त्याच्या समासात एका रसिकाने केलेली कुरकुर.

पेण-अलिबाग-उरण पट्ट्याबाहेरच्या वाचकाला वाद्याची ओळख करून द्यायला हवी. आम्ही ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग. अमेरिकेतल्या गोल बँजोचा त्याच्याशी काही संबंध नाही. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबलं की त्याची पट्टी तारेवर बसते, उजव्या हाताने तार छेडायची. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता या वादकाने १९१२ साली हे वाद्य घडवलं. त्याच वर्षी तिथे ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून त्याचं नाव ताइशोगोतो. घरात बसून एकट्याने वाजवायचं ते शांत वाद्य होतं. समुद्र ओलांडून ते आपल्या उपखंडात आलं आणि जिथे गेलं तिथलं झालं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात. तिथले नूर बख्श उतारवयात ते वाजवत जगभर मैफली करू लागले, आणि त्यांच्याही बेंजूला पिकअप लावलेलं आहे. आमच्याकडे पिकअपबरोबर वायर आली, इको आला, अॅम्प्लिफायर आला आणि टेम्पोच्या हौद्यावर रचलेले स्पीकर आले. शांत वाद्य तिथेच संपलं.

या वाद्यात एक मोठी अडचण आहे. बटण दाबलं की सूर पक्का होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची, मींड घ्यायची सोय नाही. मूळ वाद्यात सूर फार टिकतही नाही. म्हणून बेंजोवाला तारेवर उजवा हात भराभर हलवत सूर लांबवतो. या हलवण्यातच एकाचा हात दुसऱ्यापासून वेगळा पडतो. कुणाची थरथर बारीक आणि सलग, तर कुणाची खडबडीत. कोळीगीताची तीच चाल, तोच इको, पण पहिल्या चार सुरांत आम्ही नाव सांगायचो. पैजाही लागायच्या. पैजेत वडापावाच्या वर काही लावलं जात नसे, तेव्हा पोलिसांनी या वाक्याकडे दुर्लक्ष करावं.

गायकाविना वाजणारी ही विजेवरची वाद्यं, पुढे एक तार छेडणारा आणि मागे ठेक्याची भिंत: याला रॉक बँड का म्हणू नये? जगात ज्यांना तसं म्हणतात त्यांची गोष्ट फार निराळी नाही. अमेरिकेतल्या टकोमा गावात १९५८ साली बांधकामावर राबणाऱ्या दोघा तरुणांनी, डॉन विल्सन आणि बॉब बोगल यांनी, ‘द व्हेंचर्स’ सुरू केला. १९६० साली ‘वॉक, डोन्ट रन’ ही त्यांची धून गाजली. तेव्हा मुख्य गिटार बोगलकडे होती आणि बेसवर नोकी एडवर्ड्स होता. पुढे सगळ्यांच्या लक्षात आलं की एडवर्ड्सचा हात जास्त तयार आहे, तेव्हा दोघांनी जागांची अदलाबदल केली. बोगल मुकाट्याने बेसवर गेला आणि पुढची कित्येक दशकं तिथेच राहिला. आमच्याकडे बेंजोमास्टरला सांगून पाहा, की बाबा रे, तू आता साइडला बस, या पोराला पुढे येऊ दे. दुसऱ्या दिवशी दोन पार्ट्या झालेल्या दिसतील.

गंमत अशी की १९६५च्या सुमारास याच व्हेंचर्सनी जपानला इलेक्ट्रिक गिटारचं वेड लावलं. ज्या देशाने आम्हाला बेंजो दिला, तिथली पोरं गिटार घेऊन गायकाविना धुना वाजवू लागली. त्यांना तिकडून जे मिळालं, तेच आम्ही त्यांच्या जुन्या वाद्यातून काढलं.

आता मुद्द्यावर येतो. पार्टी कुणामुळे चालते? सर्वसाधारण समज असा की बेंजोमास्टरमुळे. बॅनरवर फोटो त्याचा, सुपारी त्याच्याशी ठरते, इसार त्याच्या हातात पडतो. २०१६ साली रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा आला, त्यातही रितेश देशमुख बेंजोवालाच झाला होता. त्या सिनेमामुळे शहरातल्या लोकांना आमच्या वाद्याचं नाव तरी कळलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिनेमाला नायक लागतो. पार्टीला लागत नाही. बेंजोवाला जी चाल वाजवतो ती त्याची नसतेच. ती सिनेमाची असते, कोळीगीताची असते, आरतीची असते, लोकांना आधीच पाठ असते. दोन सूर चुकले तरी नाचणारे मनातल्या मनात ते दुरुस्त करून घेतात. ठेका मात्र पार्टीचा स्वतःचा. तो कुणाला पाठ नसतो, तो तिथल्या तिथे पायांना सांगावा लागतो. माझं मत सरळ आहे: बेंजोवाला गेला तर पार्टीचं अक्षर बदलतं, ढोलकीवाला गेला तर भाषा बदलते.

हे पटवायला एक उदाहरण पुरे. आमच्या पार्टीच्या पहिल्या ढोलकीवाल्याची एक लकब होती. सहा मात्रांच्या कोळी ठेक्यात चौथ्या मात्रेला बहुतेक वादक डाव्या हाताने धुमेवर दणका देतात. हा तिथे हात उचलायचा. उजव्या पुडीवर बोटांची बारीक किणकिण चालू, आणि डावीकडे घुमारा येणार येणार असं वाटत असताना काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत नाचणाऱ्याचा पाय आपसूक पडायचा. बायका हळदीला गोल धरून नाचायच्या तेव्हा अख्खं रिंगण त्या मात्रेला एकदम झुकायचं. तो हे मुद्दाम करतो का, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, डावा हात दुखतो, म्हणून विसावा घेतो. खरं असेल, नसेलही. वादकांना त्यांच्या कलेबद्दल विचारू नये, हे तेव्हापासून ठरवलं.

तो गेल्यावर आलेला दुसरा तयारीत कितीतरी सरस होता. रीतसर तबला शिकलेला, हात स्वच्छ, वेग दुप्पट. चौथी मात्रा तर त्याने भरलीच, पण तिच्या आजूबाजूच्या फटीही भरून टाकल्या. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. पण महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की लोक नाचतायत निराळे. कंबर थांबली आणि खांदे उडू लागले. गोल मोडला, घोळका झाला. पुढच्या हंगामात पार्टीची गाणी बदलली, कारण झुकणाऱ्या संथ चाली नव्या हाताखाली बसेनात. एका माणसाच्या डाव्या हातामुळे डझनभर गाणी गावातून गेली. त्याच काळात बेंजोवालाही बदलला होता. तो बदल नाचणाऱ्यांच्या ध्यानात आला नाही. माझ्या वहीतही त्याला दीड ओळ मिळाली आहे.

माणसं का बदलतात, याची उत्तरं बाहेरच्यांना भांडणात सापडतात. भांडणं होतात, इसाराचा हिशेब, कुणाला जेवायला उशिरा बोलावलं, कुणाचा फोटो लहान आला. पण माझ्या वह्यांत भांडणापेक्षा वेळापत्रक जास्त आहे. इथला वादक आधी दुसरं काहीतरी असतो. कुणाची खारजमिनीत भातशेती, कुणाची रिक्षा. पेण-हमरापूरच्या गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करणारा वादक असेल तर श्रावणात तो मिळणं मुश्कील, आणि नेमका तेव्हाच आगमन-मिरवणुकांचा सराव सुरू होतो. डोलवीचा पोलाद कारखाना आधी इस्पातचा होता, २०१०च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला. मालक कोणीही असो, भट्टी तीन पाळ्यांत चालते. हळद रात्रीची, आणि ढोलकीवाल्याला नेमकी नाइट लागलेली. मग कासू स्टेशनवर दिवा-रोहा गाडीतून कुणीतरी बदली वादक उतरतो, ज्याने ही पार्टी आयुष्यात ऐकलेली नसते. त्याला टेम्पोत बसल्या बसल्या तोंडाने ठेका सांगतात, आणि तासाभरात तो त्या पार्टीचा होतो. निदान बॅनरपुरता.

कधी वादक वेळेवर पोहोचतच नाही. महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि त्यावर या भागातल्या प्रत्येकाकडे एक प्रकरण होईल एवढा मजकूर आहे. मी ते लिहिलेलं नाही. इतकंच सांगतो की वडखळ नाक्यावर अडकलेल्या टेम्पोमुळे एका लग्नात की-बोर्डवाल्याला ढोलकीवर बसावं लागलं, आणि पुढचे दोन हंगाम तो तिथून उठला नाही. पार्टीचा तिसरा ढोलकीवाला असा झाला. माझ्या मते तो तिघांत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मजेशीर. चाल माहीत असल्यामुळे तो शब्दांच्या जागी वाजवायचा. चौथ्या प्रकरणात त्याच्यावर जरा जास्तच लिहिलं आहे. संपादकांनी कापायला सांगितलं, मी कापलं नाही.

मुंबईची ओढ हेही एक कारण. तिथल्या पार्ट्या मोठ्या, गणेशोत्सवाच्या दहा दिवसांची कमाई मोठी, आणि वाजवताना मोबाइलवर व्हिडिओ काढणारे हजार हात. इकडचा चांगला हात तिकडे गेला की एक-दोन वर्षांनी तो हळदीला परत येतो तेव्हा त्याच्या ठेक्यात नाशिक ढोलाचे तुकडे मिसळलेले असतात. काही जुन्या मंडळींना ते खपत नाही. मला खपतं, फक्त हळदीला नको.

वाद्यांनीही माणसं काढली. रोलँड कंपनीने पहिला ऑक्टापॅड १९८५ साली बाजारात आणला. आमच्या टेम्पोत चढायला त्याला बराच काळ लागला, पण चढल्यावर त्याने तिघांना खाली उतरवलं. काँगो, ट्रिपल, झांज, सगळे आवाज एका चौकोनी पाटीत. दोन काठ्या घेतलेला एक पोरगा आणि आठ रबरी खाने. संबळ हवा, हा घ्या. डमरू हवा, हा घ्या. काच फुटल्याचा आवाजही त्यात होता, आणि पहिल्या वर्षी तो प्रत्येक गाण्यात फुटला. उतरलेल्या तिघांतला एक आता पार्टीचा टेम्पो चालवतो आणि जनरेटर सांभाळतो. त्याला मी हजेरीपटात वादक म्हणूनच धरलं आहे. मिरवणुकीत गाडी किती वेगाने पुढे घ्यायची, कुठे थांबवायची, हे तो ठेका ऐकून ठरवतो. नवखा चालक असला की नाचणारे आणि स्पीकर यांची फारकत होते.

ऑक्टापॅडला मी सरसकट शिव्या देणार नाही. पावसाळ्यात, गणपतीच्या दिवसांत, हवेतल्या ओलीने चामड्याची पुडी ढिली पडते. पूर्वी ताशेवाले आडोशाला जाळ करून पानं शेकत बसायचे आणि मिरवणूक खोळंबायची. रबराला ओल लागत नाही. पण शेकलेल्या पानाचा पहिल्या दहा मिनिटांतला कडक आवाज, आणि मग हळूहळू उतरत जाणारा, हे ज्यांनी ऐकलं त्यांना दर वेळी सारखाच येणारा आवाज थोडा सपक लागतो.

आणखी एक बदल कायद्याने घडवला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगितलं. अंमलबजावणी हळूहळू कडक होत गेली. पूर्वी हळद रात्रभर चालायची. त्यामुळे पार्टीत दोन ढोलकीवाले असायचे, एक दमला की दुसरा बसायचा, आणि पहाटेकडे दुसऱ्याचा निराळाच, झोपाळलेला, लांबलेला ठेका ऐकायला मिळायचा. आता सातला सुरुवात, दहाला वायर काढायची. तीन तासांना एक ढोलकीवाला पुरतो. दुसऱ्याची जागा कुणी रद्द केली नाही, ती नुसती उरली नाही. आजारी माणसं आणि परीक्षेला बसलेली पोरं यांच्या बाजूने मी त्या नियमाला मान देतो. पण पहाटेचा ठेका कुठे गेला, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती, म्हणून ती सहाव्या प्रकरणात आहे.

हे सगळं बेंजोपासूनच सुरू झालं असंही नाही. रोह्याकडे आणि त्याच्या दक्षिणेला खालुबाजा अजून वाजतो: सनई, ढोल, टिमकी. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. अशा पालख्यांपुढे वाजणारं वाद्यवृंदाचं अंग आमच्या पार्ट्यांच्या कितीतरी आधीचं. तिथेही गाणारा नाही. फरक एवढा की खालुबाजात जागा बहुधा घरात उतरते, बापाचा ढोल मुलाकडे जातो, म्हणून तिथला बदल पिढीने मोजायचा. आमचा बदल हंगामाने.

घरात उतरलेली जागा रॉकमध्येही सापडते. व्हेंचर्सचा ड्रमवादक मेल टेलर १९९६ साली वारला आणि त्याचा मुलगा लिऑन त्या जागी बसला. मूळच्यांपैकी बोगल २००९ मध्ये, एडवर्ड्स २०१८ मध्ये, विल्सन २०२२ मध्ये गेला. बँड वाजतो आहे. तो तोच बँड का, यावर त्यांचे चाहते तावातावाने भांडतात. इंग्लंडच्या ‘द शॅडोज’ची कथा आम्हाला अधिक ओळखीची वाटेल. १९६० साली ‘अपाची’ गाजली, आणि दोन वर्षांच्या आत ड्रमवाला टोनी मीहन आणि बेसवाला जेट हॅरिस दोघेही बाहेर पडले. त्या दोघांनी मिळून ‘डायमंड्स’ नावाची धून काढली. १९६३च्या जानेवारीअखेर ती इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढली, आणि तिथून तिने खाली ढकललं ते शॅडोजच्याच ‘डान्स ऑन!’ला. आमच्या तालुक्यात फुटून निघालेली पार्टी जुन्या पार्टीची सुपारी पळवते तेव्हा लोक ‘काय जमाना आला’ म्हणतात. जमाना जुनाच आहे.

फुटीवर पुस्तकात दोन प्रकरणं आहेत आणि दोन्ही बाजूंना ती एकतर्फी वाटतील. नावाचा हक्क कुणाचा? माझं उत्तर वाचकाला आतापर्यंत कळलं असेल: ज्याच्याकडे ढोलकी, त्याच्याकडे पार्टी. लोकांनी मात्र ज्याच्याकडे फोन नंबर त्याला पार्टी मानलं.

नावांबद्दल. वादकांची नावं मी कुठेच दिलेली नाहीत. पहिला ढोलकीवाला, दुसरा की-बोर्डवाला, असंच म्हटलं आहे. पार्टीचं नावही नाही. यात गूढ काही नाही. यांतल्या बऱ्याच जणांनी कामावर ‘ताप आहे’ असं कळवून सुपाऱ्या वाजवल्या आहेत, काहींनी एकाच संध्याकाळी दोन पार्ट्यांचा इसार घेतला आहे, आणि एकाच्या घरी तो अजून भजनाला जातो असा समज आहे. गडबमध्ये ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. अलिबाग आणि उरणकडच्या वाचकांनी आपापल्या पार्टीतली माणसं त्या जागी बसवून पाहावीत, बहुतेक बसतील.

वाचण्याचा क्रम वाचकाने ठरवावा. नुसती माहिती हवी असेल त्यांनी शेवटचा तक्ता आधी बघावा, त्यात हंगामवार कोण कशावर ते आहे. बेंजोच्या जुळणीवरचं दुसरं प्रकरण वादकांखेरीज कुणी वाचलं नाही तरी चालेल. सध्याच्या संचात दोन की-बोर्ड आहेत आणि ढोलकी बऱ्याचदा ऑक्टापॅडवरच वाजते. शेवटच्या प्रकरणात मी या संचाच्या विरोधात लिहिलं आहे. त्याची कच्ची प्रत मी सध्याच्या ऑक्टापॅडवाल्याला वाचायला दिली होती. वय एकोणीस-वीस. त्याने ती दोन दिवसांत परत केली आणि म्हणाला, ‘काका, चौथ्या मात्रेचं ते मला दाखवा ना.’ मला वाजवता येत नाही. मी टेबलावर बोटांनी दाखवायचा प्रयत्न केला, त्याने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, आणि ‘बघतो’ म्हणून गेला. त्याने काय केलं ते छपाईला जाईपर्यंत ऐकायला मिळालेलं नाही. पुढची सुपारी तुळशीच्या लग्नानंतर आहे.